जुन्या ११८ एनईवर ड्रिफ्ट शिकता येईल काय? (बेळगाव)

शहापूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. काकांची प्रीमियर ११८ एनई बरीच वर्षं शेडमध्ये पडून होती, पेट्रोल, निस्सानचं ए१२ इंजिन, ११७१ सीसी. कागदावर ५०-५२ बीएचपी, त्यातले किती घोडे अजून जिवंत आहेत ते देवाला माहीत. उद्यमबागेत ओळखीच्या फिटरकडून क्लच प्लेट टाकून घेतली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, आरसी रिन्यू केली आणि आता मस्त चालायलीय. रियर व्हील ड्राइव्ह आहे म्हटल्यावर (इंजिनचा जोर मागच्या चाकांना) डोक्यात किडा वळवळायला लागला की हिच्यावर ड्रिफ्ट शिकायचं, म्हणजे मागचं अंग मुद्दाम सरकवत गाडी आडवी वळवायची. कॉलेजची पोरं हसायल्यात, म्हणतात ५० बीएचपीत ड्रिफ्ट नाही होत, फक्त पेट्रोल जळतं.

एका मोकळ्या मुरमाच्या जागेवर ट्राय केलं. फुल स्टिअरिंग कापून पहिल्यात रेज केली की आतलं मागचं चाक एकटंच गरगर फिरतं, गाडी जेमतेम पाव वळण घेते आणि तिथंच मरते. डांबरावर तर काहीच होत नाही, नुसती एका अंगावर कलते आणि टायर कण्हतो. तर विचारायचं असं की एवढ्या पॉवरमध्ये खरंच जमतं काय? डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या स्पीडनं फिरू देणारा गिअरचा डबा) वेल्ड करून घ्या असं एकजण म्हणाला, करावं काय? आणि प्रॅक्टिस कुठं करायची, एक मित्र म्हणतोय पहाटे चोर्ला घाट रिकामा असतो तिकडं जाऊ. बजेट म्हणाल तर जवळजवळ शून्य 🙏

टिळकवाडी_टर्बो

विक की ती कुणा जुन्या गाडीच्या शौकिनाला, चांगले पैसे येतील. त्यात थोडी भर घालून सेकंडहँड जर्मन घे. ५० घोड्यांत ड्रिफ्ट म्हणजे टायर घासून रडणं आहे भावा.

उद्यमबाग_फिटर

वरच्या भाऊंचं ऐकू नको पोरा. जर्मन गाडी घेशील आणि पहिला सेन्सर गेला की घरात तोंड लपवून फिरशील.

तुझ्या गाडीचं कुळ बघ आधी. ११८ एनईची बॉडी फियाट १२४ वरनं आलेली, स्पेनच्या सिआट कंपनीमार्फत. त्याच १२४ वरनं रशियात १९७० पासनं लाडा निघाली आणि तिकडची पोरं आजपण हिवाळ्यात बर्फावर त्याच जुन्या लाडा आडव्या घालून शिकतात. पॉवर त्यांच्याकडं पण काही आभाळातनं पडलेली नाही, खाली बर्फ आहे एवढंच. तुझ्याकडं बर्फ नाही पण मुरूम आहे, आणि जून लागला की चिखल पण आहे. ग्रिप कमी केलीस की ५० घोडे पुरतात, डांबरावर मात्र दीडशे असले तरी नवशिक्याला कमीच पडतात.

आता आतलं चाक का फिरतंय ते. तुझं डिफ (डिफरन्शियल) ओपन आहे, म्हणजे साधं, लॉक नसलेलं. ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, पण किती देतं तर ज्या चाकाची पकड कमी आहे त्याला झेपेल तेवढाच. वळणात गाडी बाहेरच्या अंगावर कलली की आतलं चाक हलकं होतं, ते सुटलं की बाहेरच्यालापण तेवढाच किरकोळ जोर मिळतो. म्हणून गाडी मरते. इंजिनचा दोष नाही त्यात.

वेल्ड करू नको, निदान आत्ता तरी. स्पायडर गिअर (डिफच्या आतले छोटे गिअर) वेल्ड केले की दोन्ही चाकं कायम एकाच स्पीडनं फिरणार, ड्रिफ्टला ते बरं, पण तू ही गाडी रस्त्यावर पण चालवणार ना? मग खडेबाजारात वळवताना आतला टायर चींचीं करत घासणार, हाफ शाफ्टवर ताण येणार आणि पावसात साध्या चौकात मागचं अंग सुटणार. शिवाय वेल्डिंग कसं झालंय ते आत दिसत नाही, तुकडा निघून क्राउन पिनियनमध्ये (डिफच्या मोठ्या गिअरमध्ये) अडकला तर मागची चाकं चालत्या गाडीत जाम. ११८ चं डिफ आता कुठं मिळतंय ते तूच सांग मला.

त्यापेक्षा हे बघ:

स्टिअरिंगमध्ये प्ले (चाक न वळता नुसता फिरणारा ढिलेपणा) किती आहे? गाडी उभी ठेवून स्टिअरिंग हलकं डावीउजवीकडं हलव, दुसऱ्याला खाली वाकून टाय रॉड एंड आणि आयडलर (स्टिअरिंगपासनं चाकापर्यंतचे सांधे) बघायला लाव. जुन्या बॉक्समध्ये दोन बोटं प्ले सहज असतो. साधं चालवताना सवय होते, पण मागचं अंग सुटल्यावर तू उलटं स्टिअरिंग मारणार आणि पहिली दोन बोटं नुसती हवेत जाणार, तेवढ्यात गाडी फिरून तोंड उलटीकडं.

हँडब्रेकची केबल. दोन्ही चाकं एकदम लॉक व्हायला पाहिजेत. एक धरतंय आणि एक नाही असं असलं तर ओढशील तेव्हा गाडी भलतीकडंच ओढेल.

प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग. क्लच सोडायचे झटके सगळे तिथं जातात.

पुढं बऱ्यापैकी चांगले टायर टाक, मागं जुने कडक झालेले, पण तार निघालेले नकोत. मागं हवा चार-पाच पॉइंट जास्त मार. टायरवाल्याकडं बदललेले १३ इंची टायर ढिगानं पडलेले असतात, चहा पाजलास की देतो.

अजून एक, कार्ब्युरेटरची गाडी आहे म्हणून सांगतो. सतत एकाच बाजूला गोल फिरवत राहिलास की फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि गाडी बरोबर मोक्याच्या वेळी मिसिंग मारते. इंजिन गेलं म्हणून घाबरू नको. फ्लोट लेव्हल नीट लावून घे आणि दोन्ही बाजूंनी आलटून पालटून फिरव. टेम्परेचरच्या काट्यावर पण डोळा ठेव, जागच्या जागी गोल फिरताना रेडिएटरला वारा लागत नाही.

टिळकवाडी_टर्बो

फिटरकाका मान्य, पण मजा येणार नाही ओ तेवढ्यात.

उद्यमबाग_फिटर

मजा नंतर. आधी हात बसू दे त्याचा.

खानापूर_जिप्सी

आमच्याकडं जिप्सी आहे, टू-एचमध्ये (टू व्हील ड्राइव्हमध्ये) टाकली की तीपण नुसती मागच्या चाकांवर चालते, १३०० सीसी, ८० बीएचपी. त्यामुळं हा सगळा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे, जरा सविस्तर लिहितो.

पॉवर कमी असली की ॲक्सिलरेटर दाबून मागचं अंग सुटेल ही आशा सोड. तुला ते वजनानं सोडवायचंय. ब्रेक मारला किंवा ॲक्सिलरेटर झटकन सोडला की गाडीचं वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात, त्याच क्षणी स्टिअरिंग आत दिलंस की मागचं अंग सरकतं. अजून हवं असेल तर आधी उलट्या बाजूला थोडं वळव, गाडी तिकडं कलली की लगेच ॲक्सिलरेटर सोडून पाहिजे त्या बाजूला टाक, ती परत येताना झोका घेऊन येते आणि त्या झोक्यात मागचं अंग आपोआप बाहेर जातं. रॅलीवाले याला स्कँडिनेव्हियन फ्लिक म्हणतात, तिकडच्या खडीच्या रस्त्यांवर हे रोजचं आहे. त्याला इंजिन मोठं लागत नाही, टायमिंग लागतं.

सुटलं की मग ॲक्सिलरेटर. इथं सगळे फसतात. मागचं अंग सुटल्यावर भीतीनं पाय उचलला जातो, पाय उचलला की मागच्या चाकांना एकदम ग्रिप मिळते, आणि तुझं स्टिअरिंग तर उलट्या बाजूला वळलेलं असतं, मग गाडी त्या बाजूला असा फटका मारते की पहिल्यापेक्षा जास्त जोरात फिरते. म्हणून पाय धरून ठेवायचा, कमीजास्त हळूहळू करायचं. आणि गाडी अगदीच हाताबाहेर गेली, आता फिरणारच असं दिसलं, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबायचे आणि थांबेपर्यंत सोडायचे नाहीत.

सुरुवात अशी कर. जागेवर उभी, स्टिअरिंग पूर्ण कापलेलं, पहिला गिअर, थोडी रेज करून क्लच झटकन सोड. मुरूम सुटा असेल तर तुझ्या ओपन डिफवर पण दोन्ही चाकं सुटतील, कारण ग्रिप मुळातच दोघांना नाही (घट्ट धुमस केलेल्या मुरमावर तू म्हणतोस तसंच होणार, एकच चाक फिरणार, सैल जागा शोध किंवा पाऊस पडून गेल्यावर जा). गोल फिरायला लागली की स्टिअरिंग हळूहळू परत सोडत ये, एक जागा अशी येते की स्टिअरिंग जवळजवळ सरळ आणि गाडी नुसती पायावर गोल फिरायलीय. ते दोन्ही बाजूंना जमलं की मधे रंगाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा ठेवून त्याच्याभोवती मोठं वर्तुळ, दुसऱ्या गिअरमध्ये. मग दोन डबे आणि आठचा आकडा. आठच्या आकड्यात एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाताना जे होतं ना, तेच खरं ड्रिफ्ट, बाकी सगळी तयारी.

जागेचं सांगतो, हे जास्त महत्त्वाचं आहे. ज्याचं रान आहे त्याला विचारून, उन्हाळ्यात भात निघाल्यावर किंवा माळावर. आधी पूर्ण जागा पायी फिरून ये. बांध, चर, तांबड्या मातीखालनं डोकं काढलेला जांभा दगड, आणि आमच्याकडं तर बिनकठड्याच्या विहिरी, गवतात दिसत नाहीत. गाडी आडवी सरकत असताना बाहेरचं चाक बांधाला किंवा चरीला अडकलं की ती उलटते, स्पीड २५ असला तरी. आणि हो, तू स्वतःच गोल गोल फिरून चर पाडतोस, मऊ रानात थोड्या वेळात चांगली हातभर रुंद चाकोरी होते आणि मग तीच चाकाला अडवते. जागा बदलत राहायचं.

काळ्या रानात जाऊ नको. बैलहोंगलकडची माती ओली झाली की टायरला अशी बसते की ड्रिफ्ट राहिलं बाजूला, ट्रॅक्टर बोलवावा लागेल आणि ट्रॅक्टरवाल्याला कन्नडमध्ये समजावत बसावं लागेल की गाडी इथं का आणली 😄

डिकीतला जॅक, स्टेपनी, पाना, पाण्याची बाटली सगळं खाली काढून ठेव. काचा वर, बेल्ट घट्ट, हेल्मेट घाल. बाईकचं चालेल, लाजू नको.

कणबर्गी_००७

आमच्या ओम्नीला पण मागचंच चाक ड्राइव्ह आहे की, पावसात जरा दाबलं की सरकते. तिच्यावर शिकलं तर चालेल काय? घरी दोन आहेत.

खानापूर_जिप्सी

नको रे बाबा. व्हीलबेस १८४० मिमी, उंच, अरुंद, १२ इंची चाकं, आणि तू बसतोस पुढच्या चाकाच्या डोक्यावर. सरकण्याआधी नाहीतर सरकताना झोपेल ती. तुझ्या गुडघ्यापुढं पत्र्याशिवाय काही नाही. कुटुंबाला घेऊन यल्लम्माला जा तिच्यातनं.

अनगोळची_मानसी

गाडीबद्दल वर दोघांनी सगळं सांगितलं, मी हात आणि डोळ्यांचं सांगते कारण ते कुणी सांगत नाही.

डोळे जिकडं तिकडं गाडी. मागचं अंग सुटलं की माणूस आपोआप बॉनेटकडं नाहीतर ज्या दगडाची भीती आहे त्या दगडाकडं बघतो, आणि बरोबर तिथंच जातो. जिकडं जायचंय तिकडं बघायचं, म्हणजे बऱ्याचदा बाजूच्या काचेतून. ड्रिफ्टमध्ये समोरच्या काचेला काही काम नसतं.

उलटं स्टिअरिंग मारायचं असं सगळे म्हणतात, पण खरं म्हणजे ते मारायचं नसतं, सोडायचं असतं. मागचं अंग बाहेर गेलं की पुढची चाकं स्वतःच सरकण्याच्या दिशेला वळायला बघतात, स्टिअरिंग हातातनं आपणहून फिरतं, तू फक्त तळहातातनं जाऊ दे आणि पाहिजे तिथं पकड. तुझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही म्हणजे हे जास्त स्पष्ट जाणवेल, एका अर्थी नशीबवान आहेस. अंगठे मात्र स्टिअरिंगच्या आत अडकवू नको, पुढचं चाक दगडावर आपटलं तर आरा असा फिरतो की अंगठा मोडतो.

आणि एक स्वस्तातला उपाय. कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, हायवेनं दोन-अडीच तासांत पोचशील. गो-कार्टला डिफ नसतंच, मागं सरळ एकच ॲक्सल, म्हणजे फिटरकाका ज्या वेल्डबद्दल म्हणायल्यात तसाच प्रकार. वळणात ती कशी वागते, ब्रेक मारून आत टाकली की मागचं कसं सुटतं हे तिथं जमिनीला चिकटून बसून कळतं आणि उलटायची भीती जवळजवळ नाही. भाड्याच्या कार्टचं इंजिनपण काही मोठं नसतं, तुझ्या ११८ ला शोभेल असंच आहे 😛

कुणाकडं स्टिअरिंगवाला गेमिंग सेट असेल तर तोपण वापर, पण पाठीला जो झोल जाणवतो तो त्यात नाही, म्हणून त्यावर भरवसा ठेवून डायरेक्ट रानात जाऊ नको.

निपाणी_४८

सगळं ठीक पण चोर्ल्याचा विषय कुणी घेतलाच नाही म्हणून लिहितोय, जरा कडक वाटेल.

चोर्ला पहाटे रिकामा नसतो. गोव्याला भाजी, दूध घेऊन जाणाऱ्या गाड्या त्याच वेळेला असतात, शनिवार-रविवारी तर रात्रीपासनं पोरांची रांग. वळणं आंधळी, पावसात धुकं असं की स्वतःचं बॉनेट दिसत नाही. तू आडवा येणार आणि समोरनं भाजीचा टेम्पो. त्याच्यात पण कुणाचातरी बाप बसलेला असतो.

कायद्याचं पण बघ. मोटार वाहन कायदा कलम १८४, धोकादायक ड्रायव्हिंग, पहिल्यांदाच सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड किंवा दोन्ही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा स्पीड टेस्टिंग केली तर १८९. वर नवीन भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार ड्रायव्हिंग) आहेच. आणि गाडीच्या पॉलिसीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की रेसिंग, स्पीड टेस्टिंगसाठी वापरली तर क्लेम नाही, काढून वाच. रिकाम्या चौकात, कॉलनीच्या रस्त्यावर, कॉलेजच्या ग्राउंडवर संध्याकाळी, हे सगळं त्यातच आलं.

व्यवस्थित करायचंच असेल तर एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या) परवानगीनं ऑटोक्रॉस नावाच्या स्पर्धा होतात, मातीवर, वेळ लावून, एका वेळी एकच गाडी. तिथं लहान इंजिनांचे वेगळे क्लास असतात. नुसतं बघायला गेलास तरी शिकशील.

टिळकवाडी_टर्बो

याला अनुमोदन. चोर्ला नको. मी विकायला सांगितलं होतं, जीव द्यायला नाही.

शहापूरचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. चोर्ला कॅन्सल. वेल्डपण कॅन्सल.

अपडेट देतो. टाय रॉड एंड दोन्ही बदलले, फिटरकाकांनी सांगितल्याप्रमाणे प्ले होताच, आता बराच कमी झाला. मामाच्या रानाशेजारी जांबोटीच्या बाजूला माळ आहे, मालकाला विचारलं, तो म्हणाला गवत जळणार नाही ना एवढंच बघ. (सायलेन्सर गरम झाला की वाळल्या गवतावर उभी करायची नाही हे मला माहीतच नव्हतं, त्यानं सांगितलं.) पायी फिरलो, एक चर सापडली, तिच्यापुढं दोरी बांधून लाल फडकी लावली.

उजवीकडं गोल मस्त जमायलंय. पाऊस पडून गेला होता, दोन्ही चाकं सुटली, स्टिअरिंग जवळजवळ सरळ करून फिरवता आली. पण डावीकडं काही केल्या होत नाही. हँडब्रेक ओढून टाकतो, मागचं सुटतं, पण तोपर्यंत मी स्टिअरिंगमध्ये कुठंतरी हरवलेला असतो. गाडीत काही प्रॉब्लेम आहे काय? डाव्या चाकाचं ब्रेक?

अनगोळची_मानसी

गाडीत नसावा, हातात आहे. विचार कर, डाव्या हातानं हँडब्रेक ओढतोस म्हणजे स्टिअरिंगवर एकटा उजवा. उजवीकडं वळताना तो हात खाली ओढतो, ते सोपं. डावीकडं वळताना त्याच हातानं खालून वर ढकलावं लागतं आणि डोक्यावर पोचेपर्यंत कोपर अडकतं. म्हणून डावीकडं टाकताना उजवा हात आधीच खाली, घड्याळात पाच वाजतात तिथं धर, म्हणजे वर जायला जागा राहते. हँडब्रेकचं बटण दाबूनच धर, नाहीतर दात अडकून राहतो आणि सोडायला वेळ जातो. ओढताना क्लच दाबलेला पाहिजे, सोडला की लगेच डावा हात स्टिअरिंगवर परत.

तरीपण हँडब्रेकशिवाय, नुसतं ॲक्सिलरेटर सोडून मागचं काढायचं डावीकडं शिकलास तर हा घोळच राहत नाही.

उद्यमबाग_फिटर

ती म्हणते ते बरोबर. पण खात्री करून घे, जॅकवर मागचं उचल, कुणालातरी हँडब्रेकचा एक एक दात ओढायला सांग आणि दोन्ही चाकं हातानं फिरवून बघ, एकाच दाताला धरतात काय ते. डावं उशिरा धरत असलं तर केबलच्या टोकाला नट आहे, अर्धा आटा फिरव. पुढच्या चाकांना दगड लावायला विसरू नको, हँडब्रेक सोडलेला असणार तेव्हा.

शहापूरचा_पोरगा

बघितलं काका. डावं एक दात उशिरा धरत होतं. आणि मानसीताईंनी सांगितलं तसा हात खाली धरल्यावर डावीकडं अर्धं वर्तुळ झालं. दोन्हीतलं नक्की कशानं झालं ते कळायला मार्ग नाही.

खानापूर_जिप्सी

अर्धं झालं म्हणजे बाकीचं पायात अडकलंय, ॲक्सिलरेटर सोडतोयस बहुतेक. रविवारी जांबोटीच्या बाजूला येणारच आहे, सकाळी लवकर असशील तर बाजूला बसून बघतो. मेसेज कर, आणि जादा हेल्मेट मी आणतो.